नानांचा डावा खांदा

मागे एकदा आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस जे चालले होते, ते मी इथे सांगावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. घरातली गोष्ट आहे. पण त्या वादात मी चुकीच्या बाजूला होतो, आणि चूक ग्रुपवर केली असली तरी कबुली चारचौघांत द्यावी असे वाटते.

माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. नवरा, दोन मुले, भाड्याचे छोटे घर, मागे चार हात अंगण. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास तिने ग्रुपवर एक फोटो टाकला. तिच्या धाकट्याच्या मांडीवर काळे कुळकुळीत लॅब्राडोरचे पिल्लू. खाली लिहिले होते, ‘हे आमच्याकडे वर्षभर राहणार आहे.’

पहिला मेसेज एका खालांचा आला. फक्त ‘तौबा’. मग मामूंचा. मग ज्यांनी वर्षभरात ईद मुबारकपलीकडे एक शब्द लिहिला नव्हता, ते सगळे जागे झाले. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत ही हदीस सहा जणांनी सहा वेगवेगळ्या रंगीत चित्रांवर पाठवली. मी सातवा. मी हदीस पाठवली नाही, शहाणपणा पाठवला. ‘परदेशात गेल्यावर माणसाने आपली ओळख सांभाळावी’ असे काहीतरी. स्वतःला पुरोगामी समजणारा माणूस घरातल्या बाईला उपदेश करायची संधी सहसा सोडत नाही.

तिने ग्रुपवर कुणालाच उत्तर दिले नाही. रात्री मला फोन केला. आमच्या घरात बोलणे दखनीतच होते. म्हणाली, “भाईजान, तुम गए बाद नाना कू कौन लेके जाता था?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही.

आमचे नाना यंत्रमागावर कामाला होते. पन्नाशीच्या आत काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. विजापूर वेशीजवळ आमची गल्ली, तिच्या टोकाला मशीद. दारापासून मशिदीच्या पायरीपर्यंत नानांची दोनशे चाळीस पावले. मी आठ वर्षांचा असताना त्यांचा हात माझ्या डाव्या खांद्यावर आला आणि अठराव्या वर्षापर्यंत तिथेच राहिला. शाळेच्या वेळची जोहर सोडली तर बहुतेक सगळ्या नमाजांना मीच. फजरला डोळे उघडत नसत. म्हणजे आम्ही दोघेही तसे आंधळेच चालत असू. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना फार सांभाळून, हाताला धरून ओढत नेऊ लागलो तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, “रस्ता मेरेकू मालूम है. तू गटर देख.”

चाळीस वर्षांनी मार्गदर्शक कुत्र्यांबद्दल वाचायला घेतले तेव्हा पहिल्याच पानांवर मला नानांचे हे वाक्य भेटले. आपली समजूत अशी असते की कुत्रा माणसाला घेऊन जातो. ‘चल बाबा, दवाखान्यात’ म्हटले की तो दवाखान्यात नेतो. तसे नसते. रस्ता माणसाला माहीत असतो. किती चौक ओलांडायचे, कुठे उजवीकडे वळायचे, हे सगळे त्याच्या डोक्यात. कुत्र्याचे काम वाटेतल्या गोष्टी चुकवण्याचे. खांब, उभी सायकल, डोक्याला लागेल अशी फांदी. पदपथाची कड आली की तो थांबतो आणि माणसाला कळते की आता पाय खाली ठेवायचा आहे. सिग्नलचा दिवा त्याला कळत नाही, गाड्यांच्या आवाजावरून निर्णय माणूसच घेतो. आणि माणसाने ‘चल’ म्हटले पण समोरून गाडी येते आहे, तर त्याने हुकूम मोडायचा. हे हुकूम मोडणेही त्याला शिकवतात, आणि शिकवायला सगळ्यात अवघड तेच असते म्हणे. मीही एकदा मोडला होता. मोहरमच्या दिवसांत गल्लीत मांडवासाठी खड्डा खणला होता, नाना ‘चल’ म्हणत होते आणि मी पाय रोवून उभा. तेव्हा शिव्या खाल्ल्या. संध्याकाळी रेवड्या मिळाल्या.

या पद्धतीचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावून परतलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे अशी पहिली शाळा निघाली. अमेरिकेत 1929 मध्ये डोरोथी युस्टिस आणि मॉरिस फ्रँक यांनी ‘द सीइंग आय’ संस्था सुरू केली. फ्रँक स्वतः अंध, त्याच्या कुत्रीचे नाव बडी. ब्रिटनमध्ये 1931 साली लिव्हरपूलजवळ वॉलसी इथे जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार अल्सेशियन कुत्र्या पहिल्यांदा चार अंध माणसांच्या हाती दिल्या गेल्या. त्यातूनच तिथली ‘गाइड डॉग्ज’ ही संस्था उभी राहिली. आज अंध माणसाला तिथे कुत्रा मिळतो तो 50 पेन्स भरून. वाढवण्याचा आणि शिकवण्याचा खर्च हजारो पौंडांत जातो आणि तो बहुतांशी लोकांच्या देणगीतून निघतो. 50 पेन्स एवढ्याचसाठी की घेणाऱ्याने खैरात घेतली असे होऊ नये. हे वाचून मला जकात वाटणारे आमचे काही लोक आठवले, हातात पिशवी देताना मोबाइलवर फोटो काढणारे.

पण माझ्या बहिणीचा संबंध या सगळ्याच्या आधीच्या टप्प्याशी. पिल्लू जन्मते ते सहसा संस्थेच्या एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी. आठ आठवड्यांचे झाले की ते एखाद्या कुटुंबाकडे येते आणि वर्ष-सव्वा वर्ष तिथेच राहते. खाणे आणि दवाखाना संस्थेचा. घर, वेळ आणि माया कुटुंबाची. नाव संस्थेनेच ठेवलेले असते. एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात. कुटुंबाने त्याला काय शिकवायचे? हार्नेस धरून चालणे नाही, ते पुढे शाळेत. इथे शिकायचे ते माणसांत राहणे. सांगितल्यावर आणि सांगितलेल्या जागीच शू करणे. ताटाकडे न बघणे. पाहुणा आला म्हणून अंगावर उडी न मारणे. बसमध्ये पायाशी गप्प बसणे. बाजारात, स्टेशनवर, शाळेच्या फाटकाशी मुलांच्या गलक्यात बिचकून न जाणे. माझी बहीण त्याला घेऊन रोज कुठे ना कुठे जायची. हिजाब घातलेली बाई आणि सोबत प्रशिक्षणार्थी पिल्लाचे निळे जाकीट घातलेला कुत्रा. लोक थांबून बोलायचे. ती म्हणते, आठ वर्षांत शेजारच्या गोऱ्या म्हातारीने तिला जेवढे शब्द ऐकवले नव्हते तेवढे त्या वर्षात ऐकवले.

आणि मग एक दिवस गाडी येते, पिल्लू नेते.

सगळीच पास होत नाहीत. काही शाळेत मागे पडतात, त्यांना दुसरे काम किंवा दुसरे घर मिळते. जी पास होतात ती सहा-सात वर्षे एका अंध माणसाची होऊन राहतात. वाढवणाऱ्या कुटुंबाचा त्यांच्यावर हक्क काहीच नाही. कधी एखादे पत्र येते, कधी फोटो.

2025 च्या जानेवारीत त्यांचे पिल्लू गेले. तिने मला व्हिडिओ कॉल लावला होता. मुले रडत होती. धाकटा गाडीच्या मागे कोपऱ्यापर्यंत पळाला. मी सोलापुरात खुर्चीत बसून हे बघत होतो आणि मला आमचे अंगण दिसत होते, त्यात दावणीला काही नसलेली खुंटी.

आता मी जे म्हणणार आहे ते काहींना खटकेल. मुस्लिम वाचकांना वेगळ्या कारणाने, इतरांना वेगळ्या. पण पिल्लू वाढवून देऊन टाकणे म्हणजे काय, हे आमच्या सोलापुरातल्या निदान एका पिढीला शिकवावे लागणार नाही. आमच्या लहानपणी बकरा ईदच्या आदल्या दिवशी येत नसे. अब्बा सात-आठ महिने आधी सांगोल्याच्या आठवडी बाजारातून उस्मानाबादी करडू आणायचे. काळे, लांब कानांचे. शेळ्यांची ही जात आपल्याच भागातली, दुष्काळातही तग धरणारी. शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, पावसाळ्यात कुणाच्या बांधावरचे गवत, हे सगळे आणायचे काम आम्हा मुलांचे. नाव ठेवायची मनाई होती. अब्बा म्हणायचे, “नाम रखे तो छोड़ना मुश्किल होता.” आम्ही अर्थातच चोरून ठेवायचो. नाव मोती असले तर मोठ्यांसमोर ‘ए काळ्या’ म्हणायचे. आणि ईदच्या सकाळी जे व्हायचे ते व्हायचे. मी दोन वर्षे मटण खाल्ले नाही. नानीने बळजबरी केली नाही. एवढेच म्हणाली की ज्याला काही वाटत नाही त्याची कुर्बानी कसली.

दोन्ही गोष्टी एक आहेत असे मी म्हणत नाही. एकीकडे सुरी आहे, दुसरीकडे पिल्लू नव्या घरी सुखाने जगणार आहे. एक इबादत आहे, दुसरी समाजसेवा. ज्यांना कुर्बानी पटत नाही त्यांच्याशी मी आज वाद घालणार नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मी बोलतो आहे ते फक्त हाताला लागणाऱ्या सवयीबद्दल. जीव लावायचा, आणि तो आपला नाही हे रोज ठाऊक असायचे. आता बकरा फोनवर फोटो बघून, वजनावर ठरतो आणि ईदच्या आदल्या रात्री टेम्पोतून उतरतो. मुलांना त्याचे नाव ठेवण्याइतकाही वेळ मिळत नाही. माझ्या बहिणीच्या मुलांनी लेस्टरमध्ये जे केले, ते माझ्या मुलाने सोलापुरात कधी केलेले नाही.

जाता जाता, कुर्बानीच्या जनावरात खोट चालत नाही. लंगडे नको, आंधळे तर नकोच. नाना यावर स्वतःच हसायचे. म्हणायचे, मी तर कुर्बानीतूनही बाद.

आता ग्रुपवरच्या त्या सहा हदीसांकडे येतो. मी आलिम नाही. पण हदीस एवढी एकच नाही. शिकारीसाठी, जनावरे राखण्यासाठी आणि शेतीसाठी कुत्रा पाळायला सूट देणारी हदीस त्याच संग्रहांत आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेली शिकार हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये येते. सूरह कहफमधल्या गुहेत झोपलेल्या तरुणांसोबत उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. परंपरेने त्याला कितमीर म्हणतात, आणि गंमत अशी की त्याचे नाव लिहिलेले तावीज आपल्याच लोकांनी बरकतीसाठी वापरले. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पायताणात पाणी आणून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केल्याची हदीस मदरशातल्या मुलालाही पाठ असते. फिकहचे म्हणाल तर आपण बहुसंख्य हनफी. हनफी मतात लाळ नापाक आहे, पण कोरडे केस कपड्याला लागले म्हणून कपडा नापाक होत नाही. मालिकी मत कुत्र्याला मूळचा पाकच मानते. कोकणातले आपले शाफई भाऊ यात सगळ्यात कडक, त्यांच्यासाठी धुण्याचे नियम वेगळे. म्हणजे प्रश्न धुण्याचा आहे आणि धुण्याला उत्तर असते. माझ्या बहिणीने नमाजची खोली वेगळी ठेवली, दाराला छोटे फाटक लावले, नमाजचे कपडे कपाटात ठेवले. झाले.

हे सगळे तिथल्या उलेमांनी आधीच सोडवले आहे. 2008 मध्ये लेस्टरमधल्याच एका अंध मुस्लिम विद्यार्थ्याला आपला कुत्रा घेऊन मशिदीत जायचे होते. ब्रिटनच्या मुस्लिम लॉ शरिया कौन्सिलने त्याला परवानगी देणारा फतवा दिला. कुत्रा प्रवेशाच्या जागेत थांबेल, तो मुलगा आत नमाज पढेल. मशिदीने जागा करून दिली. फरिश्त्यांचे काय झाले ते मला माहीत नाही, पण त्या मुलाची जमात चुकली नाही.

मला जास्त छळते ती दुसरी हदीस, सहीह मुस्लिममधली. एक अंध सहाबी प्रेषितांकडे (स.) आले आणि म्हणाले, मला मशिदीपर्यंत आणणारे कुणी नाही, घरी नमाज पढू का? प्रेषितांनी आधी मुभा दिली. ते वळून निघाले तेव्हा त्यांना परत बोलावून विचारले, अजान ऐकू येते का? हो म्हणाले. मग या, असे सांगितले. जुम्याच्या बयानात ही हदीस आळशांना झापायला वापरतात. बघा, आंधळ्यालाही सूट नाही! मी ती शेकडो वेळा ऐकली आणि शेकडो वेळा मान डोलावली. पण तो माणूस काय म्हणत होता? मला आणणारे कुणी नाही. हे वाक्य ऐकून त्याच्या गल्लीतल्या डोळसांना रात्री झोप कशी लागली असेल, असा प्रश्न मिंबरवरून मी एकदाही ऐकला नाही. माझे वाचन चुकत असेल तर जाणकारांनी सांगावे.

मी 1994 मध्ये कॉलेजसाठी पुण्याला गेलो. नानांनीच पाठवले. अम्मी म्हणत होती, सोलापुरात काय कॉलेज नाहीत? नाना म्हणाले, जाऊ दे. स्टेशनवर आले नाहीत, दारातच खांद्यावर हात ठेवला, नेहमीच्या डाव्या खांद्यावर, आणि काढून घेतला. त्यांनी मला दहा वर्षे शिकवले आणि देऊन टाकले. हे मला तेव्हा कळले नाही. लेस्टरच्या कोपऱ्यावर पळत गेलेला भाचा बघून कळले.

मी गेल्यावर सुरुवातीला कुणी ना कुणी नेत असे. मग जुम्याला फक्त. मग ईदला. मामूंची मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची, तिथे कुणी पुरुष मिळाला तर ठीक. मुलीने मशिदीच्या दाराशी जायचे नाही असा दंडक होता. कुणी मिळाले नाही तर दोघे परत. अजान व्हायची आणि नाना कट्ट्यावर बसून ती पूर्ण ऐकायचे, ओठ हलवत जबाब द्यायचे आणि तिथेच बसून राहायचे. हे तिने बघितले आहे. मी बघितलेले नाही. चार वर्षांनी नाना गेले तेव्हा मयतीला अख्खी गल्ली लोटली, खांदा द्यायला चढाओढ. ती सांगते, त्या दिवशी तिने मोजले होते. नानांना न्यायला इतके खांदे होते.

तर मग सोलापुरात गाइड डॉग आणा, असे माझे म्हणणे आहे का? उद्या कुणी शिकवलेला लॅब्राडोर आणून दिला तरी तो इथे काय करील? त्याचे सगळे शिक्षण पदपथाच्या कडेवर उभे आहे. आपल्याकडे कड कुठे आहे? 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूरचे नाव होते आणि काही रस्ते खरेच चांगले झाले. पण पदपथ झाला की तासाभरात त्यावर दुचाकी उभी राहते, आठवड्यात टपरी. आमच्या गल्लीत तर रस्ता, गटार आणि ओटा यांच्यात सीमारेषाच नाही. त्यात प्रत्येक चौकाची स्वतःची मोकाट टोळी. परका कुत्रा त्यांच्या हद्दीतून गुमान चालत जाईल ही आशा सोडा. हा वाद 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि देश दोन तटांत विभागला. त्या भांडणात अंध माणसाचा आवाज मला फारसा ऐकू आला नाही. कुत्रा वासाने ओळखत नसलेल्या काठीवर भुंकतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? विमानात अंध प्रवाशासोबत मार्गदर्शक कुत्र्याला नेता येते असा आपल्याकडे नियम आहे. विमानतळापर्यंत पोचायचे कसे, हे नियमात नाही.

तेव्हा कुत्रा नको, निदान आज नको. पण तो नाही म्हणून आपली सुटका होत नाही. मी आमच्या मशिदीच्या जमातवाल्यांकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. गल्लीच्या गटारावर फरशी आणि तिथून पायरीपर्यंत भिंतीला लोखंडी दांडा. आणि मोहल्ल्यात आज जे तीन अंध नमाजी आहेत त्यांच्यासाठी पोरांची पाळी, मुलींसकट. दांड्याला लगेच होकार आला, लोखंडाचा एक व्यापारी तिथेच बसला होता. पाळीचे बघू म्हणाले. मुलींचे ऐकून दोघे उठून गेले. तिसरी गोष्ट मी बोललोच नाही. कधी कुणी बाहेरगावचा अंध पाहुणा कुत्रा घेऊन दाराशी आला तर चपला ठेवतो त्या जागी कुत्र्याला बसू द्याल का, हे विचारायचे होते. तोंडावर आले होते. इमामसाहेब चहा मागवत होते, म्हटले पुढच्या वेळी.

दांडा बसला. मी परवा इशाला त्याच्यावरून हात फिरवत गेलो, डोळे मिटून. एकशे नव्वद पावले झाली. नानांची दोनशे चाळीस होती, ते लहान पावले टाकायचे.

लेस्टरचे पिल्लू पास झाले आहे. वेल्समधल्या कुठल्याशा गावात एका बाईंकडे असते, एवढेच कळवले आहे. बहिणीने दुसऱ्या पिल्लाचा फॉर्म भरला आणि तसे ग्रुपवर टाकले. या वेळी तौबा आली नाही, हदीसही नाही. दिवसभर कुणीच काही लिहिले नाही. रात्री मी लिहिले, ‘आलं की फोटो पाठव.’ थोड्या वेळाने त्याच खालांचा मेसेज आला. त्यांनी विचारले होते, खाते क्या वो लोगां?